दाढीवाल्या सरड्याचं अंथरूण

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण लहानपणापासून म्हणत आलो. हा कुंपणावरचा प्राणी एक दिवस घरात येईल, त्याच्यासाठी वेगळे दिवे लागतील, त्याला कोथिंबीर निवडून द्यावी लागेल आणि त्याच्या पायाखाली काय पसरायचं यावर घरात चर्चा होतील, असं कुणी सांगितलं असतं तर आपल्यापैकी निम्म्याजणी हसल्या असत्या आणि उरलेल्या निम्म्याजणी किंचाळल्या असत्या! पण इथे सिडनीत, मराठी घरांतसुद्धा, ‘बिअर्डेड ड्रॅगन’ नावाचा दाढीवाला सरडा पाळण्याचा मुलांचा हट्ट आता नवा राहिलेला नाही. कुत्र्याला अंगण हवं, मांजराचे केस नवऱ्याला सोसत नाहीत, मासे कुशीत घेता येत नाहीत. राहता राहिला हा!

मी शनिवारी इथल्या मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवते. मधल्या सुट्टीत आया भोवती जमतात, त्यांच्या गप्पांत हल्ली हा विषय हमखास निघतो. आमच्याकडे एक सरडा तीन वर्षांपासून आहे, हे त्यांना ठाऊक असतं. दिवे कोणते, खायला काय, हे त्या विचारतातच. पण ‘खाली काय घालायचं गं?’ हा प्रश्न बहुतेकींच्या मनात शेवटी येतो. तोवर दुकानातून पेटीबरोबर लाल वाळूची पिशवी घरी आलेली असते. म्हणून आज फक्त त्या एका प्रश्नाबद्दल लिहिते आहे. भारतातल्या मैत्रिणींनाही उपयोग व्हावा, कारण सुट्टीत लेकीकडे आलेल्या आजीच्या वाट्याला हे पेटी साफ करणं कधी येईल सांगता येत नाही!

आधी एक खुलासा. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाचाच. तरी न्यू साऊथ वेल्स राज्यात तो पाळायला सरकारी परवाना लागतो आणि रानातून उचलून आणलेला सरडा घरात ठेवता येत नाही. परवानाधारक पाळणाऱ्याकडून किंवा दुकानातून, पेटीतच जन्मलेलं पिल्लू घ्यावं लागतं. आपल्याकडच्या घोरपडीला तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा हे वाचून कुणी गावाकडून घोरपडीचं पिल्लू आणण्याचा विचारही करू नये.

त्याचं माहेर कसं आहे?

दुकानातल्या पिशव्यांवर वाळवंटाचं चित्र असतं. सोनेरी वाळूच्या लाटा आणि त्यावर ऐटीत बसलेला सरडा. ते पाहून आपल्याला वाटतं, वाळवंटातला प्राणी, मग वाळूच हवी. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडीने ब्रोकन हिलला गेलो. सिडनीपासून हे गाव हजार किलोमीटरहून जास्त लांब, पार पश्चिमेला. कोबार सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडी जमीन सुरू होते. तिथे एका कुंपणाच्या खांबावर खरा रानातला दाढीवाला सरडा बसलेला पाहिला. (म्हण काही खोटी नाही!) आम्ही गाडी थांबवली. मी खाली उतरले तेव्हा चपलेखाली जे लागलं ती चौपाटीची वाळू नव्हती. माती आणि वाळू एकजीव होऊन, उन्हाने भाजून, घट्ट झालेली जमीन होती. अधूनमधून दगड, पडलेली लाकडं, खुरटी झुडपं. टाचेने उकरलं तरच थोडी माती सुटी व्हायची.

मला एकदम आजोळचं खळं आठवलं. मुरूम पसरून, पाणी शिंपडून, धुमसाने चोपलेली जमीन. या सरड्याचं माहेर आहे ते असं चोपलेल्या अंगणासारखं. मऊ, सुटी, पायाखालून सरकणारी वाळू त्याच्याही ओळखीची नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर दुकानातल्या निम्म्या पिशव्या आपोआप बाद होतात.

पण मग पिल्लाला पहिल्या दिवसापासून चोपलेली माती द्यावी का? नाही. त्याचं कारण पिल्लाच्या तोंडात आणि पोटात आहे.

अंड्यातून निघतं तेव्हा हे पिल्लू शेपटीसकट साधारण दहा सेंटीमीटरचं, आपल्या मधल्या बोटाहून थोडं मोठं. वर्षभरात तेच ४० ते ५० सेंटीमीटरचं होतं. म्हणजे पहिल्या वर्षात त्याला भूक किती लागत असेल बघा! दिवसातून दोन-तीनदा ते किडे मागतं आणि किडा दिसला की मागचापुढचा विचार न करता झडप घालतं. ते भक्ष्य पकडतं ते चिकट जिभेने. जीभ किड्याला चिकटते आणि किड्याखाली जे काही असेल त्यालाही चिकटते. खाली वाळू असेल तर प्रत्येक घासाला चार कण. मोठ्या सरड्याला चार कणांचं काही वाटत नाही, ते शीवाटे निघून जातात. पण पिल्लाचं आतडं केवढं? त्यात कण साठत गेले की वाट तुंबते.

आतडं चालायला आणखी दोन गोष्टी लागतात. एक ऊब. आपल्यासारखी पोटातली भट्टी या प्राण्याला नाही. अन्न पचवण्याची उष्णता तो बाहेरून घेतो. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८ ते ४२ अंशांची ऊन खायची जागा आणि दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या आसपास गारवा, असा बेत असावा लागतो. दुसरी गोष्ट कॅल्शियम. तो अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवं आणि ते कातडीत तयार व्हायला यूव्हीबी किरण देणारी खास ट्यूब हवी. ही ट्यूब काचेबाहेर लावली तर काही उपयोग नाही, कारण काच ते किरण अडवते. ट्यूब पेटलेली दिसते म्हणून चालू आहे असंही समजू नका. तिचे किरण उजेडाच्या आधी संपतात. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा महिने ते वर्षाने, ती बदलावी लागते.

तुम्ही म्हणाल, जमिनीबद्दल लिहिता लिहिता ही दिव्यांवर कुठे गेली? त्याला कारण आहे.

माझ्या ओळखीच्या एका मराठी घरात दहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला सरड्याचं पिल्लू आलं. दोन-अडीच महिन्यांचं. दुकानातून सगळा ‘संच’ मिळाला होता. पेटी, दिवा, पाण्याचं भांडं आणि लाल रंगाची कॅल्शियमची वाळू. ‘पोटात गेली तरी विरघळते, उलट कॅल्शियम मिळतो,’ असं दुकानदाराने सांगितलं. मुलाने सरड्याचं नाव रॉकी ठेवलं. त्याला आपल्या गावासारखं वाटावं म्हणून मुलाने खाऊच्या पैशांतून आणखी एक पिशवी आणून थर जाड केला. पाच-सहा आठवड्यांनी रॉकी किडे टिपेनासा झाला. शी होईना. मग एके सकाळी तो मागचा एक पाय ओढत चालताना दिसला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर पोटात पांढरी गच्च गाठ आणि हाडं इतकी फिकट की फोटोत जेमतेम दिसत होती. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण तो वाचला नाही.

मी भेटायला गेले तेव्हा तो मुलगा आईला एकच विचारत होता, ‘मी जास्त वाळू घातली म्हणून गेला का गं तो?’

त्याला डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेच मी इथे लिहिते. एकटी वाळू नव्हती. संचातल्या दिव्यातून यूव्हीबी जवळजवळ मिळतच नव्हतं. त्यामुळे हाडं कच्ची राहिली, आणि कॅल्शियम कमी पडलेला प्राणी तो शोधायला माती-वाळू चाटत सुटतो. कॅल्शियम कमी असला की आतड्याचे स्नायूही मंद होतात. पेटी पुरेशी तापत नव्हती, म्हणून पचन अजून मंद. आणि चाटायला समोर होती ती कॅल्शियमचीच वाळू! तिच्या ‘विरघळण्या’बद्दलही बोलायला हवं. ॲसिडिटी झाली की आपण खडूसारखी गोळी चघळतो, तोच पदार्थ या वाळूत असतो. एखादी गोळी ठीक. पण मूठभर खडू पोटात गेला तर आम्लच संपतं, मग विरघळवणार कोण? उरलेलं ओलं होऊन गोळा बनतं.

म्हणून वाळूवर सगळा दोष टाकून दिवा विसरू नका, आणि दिवा चांगला आहे म्हणून पिल्लाला वाळूवरही ठेवू नका. ती आई मला म्हणाली, ‘दुकानात विकतात म्हणजे चांगलंच असेल असं वाटलं गं.’ कुणालाही वाटेल. बाळाच्या बाबतीत आपण दहा जणींना विचारतो. सरड्याबद्दल विचारायचं कुणाला?

पहिलं वर्ष: नुसता कागद

तर पिल्लाच्या पायाखाली काय? कागद. साधा, कोरा, स्वस्त कागद. स्वयंपाकघरातला पुसायचा कागद चालेल. सामान गुंडाळायला मिळतो तो कोऱ्या कागदाचा रोल तर उत्तम. वर्तमानपत्र येत असेल तर तेही चालतं, फक्त रंगीत गुळगुळीत पुरवण्या नकोत, त्यावर पाय घसरतात. पेटीच्या मापाचे कागद आठवड्याचे एकदम कापून ठेवले तर सकाळी दोन मिनिटांचं काम. दोन पदर घालावेत आणि कडा दगडाने किंवा लाकडाने दाबाव्यात, नाहीतर किडे कागदाखाली जाऊन बसतात आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या पिल्लालाच चावतात. उरलेले किडे संध्याकाळी वेचून काढायचे, हा नियम मात्र कुठलीही जमीन असली तरी आहेच.

कागद दिसायला काही शोभिवंत नाही. मुलांना तर तो मुळीच आवडत नाही. त्यांना वाळवंट हवं असतं. पण कागदासारखा खरं बोलणारा दुसरा कुणी नाही. शी झाली की नाही, कधी झाली, कशी झाली, सगळं लगेच कळतं. या प्राण्याच्या शीत तपकिरी भागाबरोबर पांढरा भाग असतो. ती त्याची लघवी, तेव्हा पांढरं पाहून घाबरू नये. पातळ, रक्त असलेली किंवा फार दुर्गंधी असलेली शी, किंवा पिल्लाला चार-पाच दिवस शीच नाही, हे मात्र डॉक्टरला कळवण्यासारखं.

माझ्या सासूबाई त्या वर्षी सहा महिने आमच्याकडे होत्या. सरड्याला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. ‘शिवशिव, पाल ती पालच,’ असं म्हणायच्या. पण सकाळी चहाचा कप घेऊन पेटीसमोर उभ्या राहून कागद मात्र न चुकता बघायच्या आणि आतमध्ये वर्दी द्यायच्या, ‘आज झाली बरं का!’ चार मुलांचे लंगोट बदललेल्या बाईला काय बघायचं हे शिकवावं लागत नाही.

कागदावर एकच उणीव आहे. नखं झिजत नाहीत आणि पंजाला पकड कमी मिळते. त्यावर सोपा उपाय म्हणजे पेटीत एक खडबडीत फांदी आणि एक सपाट दगड ठेवावा. दगड जमिनीवर पक्का टेकलेला हवा, खाली पिल्लू चेंगरेल असा डुगडुगता नको. बाजारात विजेवर तापणारा दगड मिळतो, तो घेऊ नका. हा प्राणी ऊन वरून येतं अशाच हिशेबाने वागतो. पोटाखालचा चटका त्याला वेळेवर उमगत नाही आणि पोट भाजून निघतं.

किडे द्यायचे ते शक्यतो वेगळ्या गुळगुळीत डब्यात द्यावेत. पिल्लाला डब्यात ठेवायचं, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नाही असा किडा निवडायचा, आणि त्याआधी रव्यात मासा घोळवतो तसा तो कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचा. (जन्मभर झुरळांच्या मागे झाडू घेऊन धावले, आता ‘वूडी’ जातीची झुरळं मोजून, पैसे देऊन, डब्यातून घरी आणते! पहिल्यांदा आणली त्या रात्री मला झोप नव्हती.)

दुकानातल्या पिशव्या

आता जे घ्यायचं नाही ते भराभर सांगते. कॅल्शियमची वाळू, हे आलंच. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा: दिसतो वाळूसारखा, पण प्रत्येक कणाला धार असते, पोटात गेला तर आतडं ओरखडतं. मक्याच्या कणसांचा चुरा ओला झाला की फुगतो आणि बुरशी धरतो. देवदाराच्या, पाइनच्या लाकडाचा भुसा सुगंधी असतो, पण त्या तेलाचा वास बंद पेटीत त्याच्या फुप्फुसांना बाधतो. झाडाच्या सालीचे तुकडे गिळता येण्याजोगे असतात आणि किड्यांना लपायला आयतं घर. नकली हिरवळीचे धागे सुटतात. हिरवं दिसलं की हा तोंडात घालणारच.

‘रेप्टाइल कार्पेट’ नावाचा गालिचा मात्र बऱ्याचजणी घेतात. सुटे कण नाहीत, धुता येतो, दिसतो छान. पण त्याच्या विणीत नख अडकतं. नथीत साडीचा धागा अडकावा तसं, आणि सरडा घाबरून हिसका देतो, नख उपटून येतं. शिवाय विणीत घाण मुरते. घेतलाच असेल तर दोन तुकडे ठेवा, एक धुऊन कडकडीत उन्हात आणि एक पेटीत. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा कागद बरा.

कपाटाच्या फळ्यांवर घालायचा रबरी किंवा प्लॅस्टिकचा कपडा चालतो, पण मागे गोंद असलेला नको. दिव्याच्या उष्णतेने गोंदाचा वास सुटतो. वर थोडी खरखर हवी. गुळगुळीत पृष्ठभागावर वाढत्या वयात पाय फाकतात.

मग फरशी

पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं, अंगाने भरलं, की फरशी घालता येते. मला स्वतःला गृहिणी म्हणून हाच प्रकार सर्वांत आवडतो. फरशी म्हणजे घोटलेली चकचकीत नव्हे, आपल्या शहाबादीसारखी अंगाला खरखरीत. इथे स्लेटच्या दगडाच्या किंवा खडबडीत सिरॅमिकच्या लाद्या मिळतात. लादीच्या दुकानात उरलेले एक-दोन नग बरेचदा अगदी स्वस्तात देतात. पेटीचं माप कागदावर काढून न्या, दुकानवाला कापूनही देतो. खाली कागदाचा एक पदर घालून मगच लाद्या मांडा, म्हणजे त्या हलत नाहीत. सांधे अगदी जुळवून बसवा, फटींत पंजाही अडकू नये आणि झुरळंही शिरू नयेत.

फरशी दिव्याखाली तापते आणि दिवा मालवल्यावरही काही वेळ ऊब धरून ठेवते. संध्याकाळी आमचा सरडा पोट टेकून त्यावर पसरतो तेव्हा आजोबा ओसरीवर लवंडल्यासारखे दिसतात. नखं आपोआप झिजतात. पुसायला ओला फडका पुरतो. एक काळजी घ्या. दिव्याखालची लादी किती तापते ते मोजा. हात लावून पाहणं पुरेसं नाही. दुरून माप दाखवणारा छोटा तापमापक मिळतो, तो जवळ ठेवा. ४२ अंशांच्या वर आकडा जायला लागला तर दिवा थोडा उंच घ्या.

अंथरूण पाहून पाय पसरावे हे माणसांसाठी. इथे उलट, पाय किती पसरले ते पाहून अंथरूण बदलायचं. पूर्ण वाढलेल्या सरड्याला १२० सेंटीमीटर लांब आणि ६० रुंद एवढी पेटी तरी हवीच. कित्येक घरांत सरडा जन्मभर फरशीवरच सुखाने राहतो. त्याची दहा-बारा वर्षांची सोबत असते, तेव्हा रोज पुसायला झेपेल अशी जमीन निवडणं यात काही कमीपणा नाही.

तरीपण त्याला उकरायला आवडतं. इथल्या थंडीत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, मोठे सरडे मंद होतात, खाणं सोडतात आणि कोपरा उकरून आठवडेच्या आठवडे झोपतात. फरशीवर तो नखांनी खरवडत बसतो ते पाहवत नाही. सरडा वर्षाचा झाला, तब्येत ठणठणीत आहे, दिवे बरोबर आहेत, तर त्याला त्याच्या माहेरची जमीन करून देता येते.

कृती सांगते. खत, कंपोस्ट आणि ते पांढरे हलके गोळे नसलेली साधी बागेची माती घ्या. कुंडीसाठी तयार मिळते ती नको. मुलांच्या खेळण्यासाठी धुतलेली वाळू मिळते ती घ्या. माती तीन वाट्या तर वाळू दोन, या प्रमाणात थोडंसं मिसळून, पाण्याचा हबका मारून मुठीत लाडू वळून पाहा. लाडू वळला पाहिजे आणि दोन दिवस वाळल्यावर बोटाने दाबला तर भुगा होता कामा नये. भुगा झाला तर मातीत चिकणा कमी आहे, प्रमाण बदला. जमलं की सगळं मिश्रण पेटीत पाच-सहा सेंटीमीटर पसरा, ओलं करा आणि सपाट लाकडी ठोकळ्याने चोपून काढा. एका कोपऱ्यात थर जास्त ठेवा, तो त्याचा उकरायचा कोपरा. मग दिवा लावून पूर्ण वाळू द्या. आठवडाभरही लागतो. ओलसर राहिलं तर बुरशी येते. तोवर सरडा दुसरीकडे, कागदावर. वर दोन-तीन लाद्या मांडून त्यावर पालेभाजीची ताटली ठेवा, म्हणजे पानांना माती लागत नाही.

हे करण्याआधी वजनाचा विचार करा. १२० बाय ६०ची पेटी एवढ्या थराने भरली की साठ-सत्तर किलो माती होते. तकलादू टेबल ते पेलणार नाही. आमच्या ह्यांनी आधी लाकडी कपाट भिंतीला नीट ठोकून घेतलं आणि मगच मला माती कालवू दिली!

आणि सरडा आजारी पडला, जंताचं औषध चालू असलं किंवा नवा आणलेला असला, तर वय काहीही असो, परत कागदावर. दवाखान्यात चादर रोज बदलतात, तसंच हे.

बंड्या की बंडी?

लहानपणी नर-मादी सहज ओळखता येत नाही. आमच्याकडे आला तो ‘बंड्या’. दुसऱ्या वर्षी उन्हाळा सुरू होताना बंड्या बेचैन झाला. जेवेना, पेटीच्या काचेशी उभा राहून उकरल्यासारखं करी, पोटावर गोट्यांसारखे उंचवटे दिसत. लेकीने वाचून काढलं आणि सांगितलं, ‘आई, ही मुलगी आहे, हिला अंडी घालायची आहेत.’ नर जवळ नसतानाही मादी अंडी घालते, कोंबडी घालते तशीच. त्यातून पिल्लं निघत नाहीत, पण घालावी तर लागतात.

अशा वेळी फरशी किंवा पाच सेंटीमीटरची माती कामाची नाही. तिला खोल, ओलसर जागा लागते. ती मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात जीवही जातो. आम्ही एक मोठा प्लॅस्टिकचा टब घेऊन त्यात वाळू-माती २५ ते ३० सेंटीमीटर भरली. ओल एवढीच की बोगदा केला तर ढासळू नये. तिला त्यात ठेवून वर चादर टाकली, कारण कुणी बघत असलं की ती खणत नाही. (हे मला फार पटलं.) दुपारभर खणलं, वीस अंडी घातली, सगळी माती डोक्याने दाबून पुन्हा सपाट केली आणि बाहेर येऊन गाढ झोपली. सासूबाई तेव्हा सांगलीला परतल्या होत्या. फोनवर कळल्यावर पहिला प्रश्न त्यांचा, ‘तिला आता खायला काय देतेस?’ तुमच्या घरची मादी असेल तर असा टब हाताशी ठेवा, आणि दोन दिवस खणूनही अंडी आली नाहीत, ती मलूल झाली, तर डॉक्टरकडे जायला वेळ लावू नका.

आता साफसफाई, कारण ते शेवटी आपल्याच गळ्यात येतं. या प्राण्याच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू राहतात. त्याला काही होत नाही, पण आपल्याला जुलाब-ताप होतो. अमेरिकेत २०१२ ते २०१४ या काळात पाळीव दाढीवाल्या सरड्यांमुळे या जंतूंची साथ आली होती आणि १०० हून अधिक माणसं आजारी पडली, त्यांत लहान मुलं बरीच होती. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा औषधांवर असलेले वडीलधारे असतील तर सरडा आणण्याआधी नीट विचार करा. असेलच, तर मुलांना हाताळल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा, आणि सरड्याची भांडी, फरशा, फांद्या स्वयंपाकघरातल्या मोरीत कधीही धुवू नका. त्यासाठी वेगळी बादली आणि वेगळा ब्रश ठेवा.

फरशी आधी गरम पाणी आणि साबणाने घासायची, मग सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचं जंतुनाशक लावून थोडा वेळ ठेवायचं, स्वच्छ पाण्याने धुवायचं, उन्हात वाळवायचं. फिनाईल आणि त्या जातीची वासाची द्रावणं वापरू नका, ती या प्राण्याला विषारी असतात. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर मिसळू नका, त्यातून घातक वायू निघतो. हे सरड्यापुरतं नाही, आपल्या न्हाणीघरालाही लागू आहे.

मातीच्या जमिनीवरची शी रोजच्या रोज आजूबाजूच्या मातीसकट खरवडून काढायची, खड्डा नव्या मातीने भरून, ओला करून चोपायचा. तीन-चार महिन्यांनी सगळी माती बदलायची. ती जुनी माती चांगली काळीभोर दिसते आणि बागेत टाकायचा मोह होतो, पण परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात ती जाऊ देऊ नका. पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाका आणि हात धुवा.